आमच्या ग्रुपवर वॉचमन नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रात दर पंधरा दिवसांनी एक पत्र ठरलेलं असतं, मोबाइल आला आणि शेजारपण गेलं, पूर्वी वाटीभर साखर मागायला लोक यायचे आणि आता समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं वगैरे. मी पण ही पत्रं मान डोलवत वाचायचे. पण गेली सहा वर्षं मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे (बँकेतून रिटायर झालेली बाई म्हणजे हिशोब येत असणार, असं सगळ्यांनी मी नसताना ठरवून टाकलं) आणि आता मला हे म्हणणं पटेनासं झालंय, म्हणून हे लांबलचक पत्र. कापून छापलंत तरी चालेल.

आमची सोसायटी सिंहगड रोडला, ८४ फ्लॅट. रजिस्टर झाली २००३ साली. तेव्हा व्हॉट्सॲप जन्माला पण आलं नव्हतं, ते आलं २००९ ला. त्या वेळचं प्रोसिडिंग बुक माझ्या कपाटात आहे आणि पहिल्या सर्वसाधारण सभेपासून जवळपास दर वर्षी त्यात तेच वाक्य आहे, की गणपूर्ती न झाल्याने सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात आली. ज्यांनी सोसायटीत काम केलंय ते हसतील. आपल्या आदर्श उपविधीत सोय आहे, दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यात जे कमी असेल तेवढे लागतात, आणि तेवढेही नाही आले तर तहकूब करून जेवढे आहेत तेवढ्यात सभा उरकायची. म्हणजे आम्हाला ८४ घरातून २० माणसं लागत होती आणि व्हॉट्सॲप नसताना, मुलं खाली खेळत असताना, साखरेच्या वाट्या फिरत असताना ती २० जमत नव्हती. लोक डायरेक्ट अर्ध्या तासानंतरच्या सभेला यायचे, वडापाव यायच्या टायमाला. तेव्हा मोबाइलला उगाच शिव्या देऊ नका.

मग मोबाइलने काही केलंच नाही का, तर केलं. ते मला २५ जुलै २०२४ च्या पहाटे कळलं. पुण्यातल्या लोकांना ती तारीख सांगायला नको. रात्रभर धो धो पाऊस, वरून खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवलेला, आणि एकता नगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. आमची सोसायटी तिथून जरा लांब आहे पण आमच्या मागून एक नाला जातो आणि नदी फुगली की नाला उलटा फिरतो.

आता आमच्या ग्रुपची गंमत ऐका. सोसायटीचा ऑफिशियल ग्रुप आहे, मेंबर १३० च्या आसपास. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं, त्याच्या आधी महिनाभर ग्रुपवर जे काय चाललं होतं ते तुमच्या पण ग्रुपवर चाललं असणार. दोन काका एकमेकांना देशद्रोही आणि भक्त म्हणून मोकळे झाले, एकजण लेफ्ट झाले, त्यांना परत ॲड केलं तर ते परत लेफ्ट झाले. शेवटी आम्ही ग्रुपला सेटिंग लावलं की फक्त ॲडमिनच मेसेज टाकतील. शांतता झाली, सगळ्यांनी खाजगीत थँक्यू म्हणलं. ॲडमिन दोघंच, आमचे चेअरमन आणि मी. त्या रात्री चेअरमन मुलीकडे बेंगळुरूला आणि माझा फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सायलेंटवर. आमच्या सी विंगमधला एक मुलगा, भाड्याने राहतो, आयटीतली शिफ्ट संपवून पहाटे चारच्या सुमाराला आला आणि त्याने मागच्या गेटमधून पाणी येताना बघितलं. ग्रुपवर टाकायला गेला तर टाकता येईना. मग त्याने मला पर्सनलला तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, मॅडम ग्रुपवर टाका ना प्लीज. ते मी वाचलं सहा वाजता! माझी बेल वाजवायची तर माझा फ्लॅट कुठला ते त्याला माहीत नव्हतं. दीड वर्ष एका आवारात राहतोय आम्ही.

तरी आमच्या गाड्या वाचल्या. कशा, तर नाल्याच्या तोंडाशी जी वस्ती आहे तिथे आमच्याकडचा कचरा नेणाऱ्या मावशी राहतात. त्यांच्या घरात पाणी आधी शिरलं. स्वतःचं सामान आणि नातवंडं शाळेत नेऊन ठेवली आणि त्या गडबडीत त्यांनी आमच्या वॉचमन काकांना फोन लावला, कारण रोज सकाळी ढकलगाडी गेटपाशी लावून त्या काकांबरोबर कपभर चहा घेतात, इतकंच नातं. आणि काकांना कुठली गाडी कुणाची, कोण गावाला गेलंय आणि चावी कुणाकडे ठेवलीय, तळमजल्यावरच्या आजी ऑक्सिजनवर आहेत आणि लाइट गेली तर मशीन बंद पडणार, हे सगळं तोंडपाठ. त्यांनी लिफ्ट न वापरता तीन विंगच्या बेला वाजवल्या, पोरांना उठवलं, आजींना पहिल्या मजल्यावर हलवलं. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी आलं तोवर चारचाकी बहुतेक सगळ्या रोडला लागल्या होत्या, काही टू व्हीलर तेवढ्या गेल्या.

नऊ वाजता मी ग्रुप सगळ्यांसाठी उघडला. तासाभरात दीडशेच्या वर मेसेज. टीमवर्क, प्राउड ऑफ अवर सोसायटी, एकाने तर हॅट्स ऑफ टू अवर कमिटी असं लिहिलं. कमिटी म्हणजे मी, जी झोपली होती. काकांचं आणि मावशींचं नाव दुपारपर्यंत कुणी घेतलं नाही. मुद्दाम नाही हो, वाईट माणसं नाहीत आमच्याकडे. पण ती दोघं ग्रुपवर नाहीत, मग डोक्यात येणार कुठून.

मोबाइलने काय केलं असेल तर हे. शेजार संपवला नाही, त्याच्याभोवती कंपाउंड वॉल घातली. जे आधीच एकमेकांसारखे आहेत, एकाच मेंटेनन्सची पावती फाडतात, त्यांना दिवसरात्र एकमेकांशी बोलत ठेवलं आणि त्यामुळे वाटायला लागलं की आपण सगळे जोडलेलो आहोत. नाल्याच्या पलीकडच्या वस्तीचा पण ग्रुप आहे, हे मला पुराच्या नंतर कळलं, बचत गटाच्या बायकांनी केलेला. नाला एक, पाणी एक, आणि त्यांच्या ग्रुपमधला एकही नंबर आमच्या १३० जणांकडे नव्हता, आमचा त्यांच्याकडे नव्हता. एक काकांचा सोडून.

माझी भाची समाजकार्याचं शिकते तिला हे सांगितलं तर ती म्हणाली आत्या याला सोशल कॅपिटल म्हणतात. मी म्हणलं बँकेत ३४ वर्षं काढली, कॅपिटल मला शिकवू नको. पण तिने सांगितलेलं इंटरेस्टिंग आहे. हा शब्द १९१६ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या खेड्यातल्या शाळा बघणाऱ्या हॅनिफन नावाच्या अधिकाऱ्याने वापरला होता, गावातली माणसं शाळेच्या निमित्ताने एकत्र बसायला लागली की गावाची कामं व्हायला लागतात, असं त्याचं म्हणणं. पुढे रॉबर्ट पुटनम म्हणून प्रोफेसर आहेत त्यांनी ते गाजवलं. त्यांनी दोन प्रकार सांगितलेत, आपल्यासारख्यांना आपल्याशी घट्ट बांधणारं एक आणि आपल्यासारखे नाहीत त्यांच्याशी पूल बांधणारं दुसरं. पहिलं फुकट मिळतं, जातीत, भावकीत, सोसायटीत. दुसऱ्याला कुणीतरी खपावं लागतं. माझ्या मते आपल्याकडे याला साधा शब्द आहे, पत. बँकेत पत कागदावर असते, गावात ती तोंडावर असते. माझे वडील सांगायचे की एखाद्याचा बैल मेला तर इर्जिक घालायचे, सगळे आपापली औतं घेऊन यायचे आणि एका दिवसात त्याचं रान नांगरून द्यायचे, पैसे नाही, फक्त जेवण. पण तेच वडील हे पण सांगायचे की पाणवठा सगळ्यांना एक नव्हता. म्हणजे पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणत नाहीये, तेव्हाच्या ग्रुपचे पण ॲडमिन होते आणि तेव्हापण बरीच माणसं बाहेरच होती.

पूल बांधायचा कसा याची उदाहरणं आपल्याच इथे आहेत. भिवंडीचं बघा. १९७० ला दंगल, १९८४ ला परत दंगल, कायम पेपरात नाव. १९८८ साली तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. पुढाऱ्यांच्या शांतता कमिट्या आधी पण असायच्या, ज्या दंगल झाल्यावर फोटोपुरत्या जमतात. या वेगळ्या होत्या, गल्लीतली साधी हिंदू मुसलमान माणसं आणि त्या भागाचा पोलीस, आणि मुद्दा म्हणजे काही झालेलं नसताना बसायचं. नळाचं भांडण, पोराची मारामारी, भाडेकरूचा वाद, असल्या किरकोळ गोष्टींवर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला शेजारी मुंबई पेटली होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी कुठल्या शहरात दंगली होतात आणि कुठल्या शहरात होत नाहीत याच्या जोड्या लावून अभ्यास केला, अलीगढ आणि कालिकत अशा. त्यांचं म्हणणं असं की शहरात नुसती रोजची ओळख, ईद दिवाळीला डबे देणं, हे पुरत नाही, व्यापाऱ्यांची संघटना, कामगारांची युनियन असं काहीतरी दोन्हीकडच्यांना एकत्र काम करायला लावणारं लागतं. मला हे जरा टोचलं कारण मी डबे देणारी आहे. डबा दिला की आपलं काम झालं असं वाटणाऱ्यातली.

आणि पूल नसला की काय होतं ते पण आपल्याकडे झालंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज महिनाभर फिरत होते, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची पाच माणसं बाजाराच्या दिवशी तिथे उतरली तर जमावाने त्यांना ठार मारलं. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी माणसं. त्यांना ओळखणारं, हे आपलेच आहेत असं चार लोकात उभं राहून म्हणणारं कुणी तिथे नव्हतं, किंवा असलं तरी त्याचं चाललं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. ठीक आहे, पण त्याने मेसेज हळू फिरेल, ओळख कशी वाढेल?

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र आपल्या पुण्याचीच आहे आणि दीडशे वर्षं जुनी. १८७० साली पुणे सार्वजनिक सभा निघाली, गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काकाच म्हणायचे, ते त्याच्या मागे. सभेत यायचं तर अट अशी, की निदान ५० लोकांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं, की हा माणूस आमच्या वतीने बोलेल. असे ९५ जण निवडून आले, सहा हजार लोकांनी सह्या दिलेले. इंग्रजाच्या राज्यात, निवडणूक म्हणजे काय हे कुणाला माहीत नसताना! पुढे दुष्काळ पडला तेव्हा याच सभेने गावागावातून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, आणि सरकारला ती झटकता येईना कारण बोलणाऱ्याच्या मागे माणसं होती. आता त्यात सरदार, सावकार, शिकलेले हेच जास्त होते, माझ्यासारख्या बाईला तिथे कोण घेणार होतं, ते सोडा. पण ५० सह्या मिळवायच्या तर ५० दारं चढायला लागतात. आमच्या ग्रुपवर एक हजार चोवीस माणसं घेता येतात आणि त्यासाठी एक पण दार वाजवावं लागत नाही, लिंक पाठवली की झालं.

तर आम्ही काय केलं ते सांगते, फार मोठं काही नाही. पुराच्या नंतर मी कमिटीत म्हणलं की वॉचमन काका आणि मावशींना ग्रुपवर घेऊया. जी शांतता पसरली ती अजून आठवते. मग एक ताई म्हणाल्या, अहो पण आपण तिथे त्यांच्या सुट्ट्यांबद्दल बोलतो ना. खरंच होतं ते. म्हणून तो ग्रुप तसाच ठेवला आणि दुसरा एक छोटा काढला, नाल्याचा. अकरा नंबर. काका, मावशी, बचत गटाच्या दोन बायका, पेपरवाला, कोपऱ्यावरचा किराणावाला, महावितरणचे वायरमन, बाजूच्या सोसायटीतले एक रिटायर्ड इंजिनियर, सी विंगचा तो शिफ्टवाला मुलगा (तोच पहाटे जागा असतो!), शाळेचे शिपाई आणि मी. नियम एकच, ज्याला आधीच्या दोघांनी प्रत्यक्ष बघितलेलं आहे तोच आत. गुड मॉर्निंग नाही. मावशींना टाइप करायला जमत नाही, त्या व्हॉइस मेसेज करतात आणि खरं सांगू, पाण्याची सगळ्यात नेमकी बातमी त्यांचीच असते. खडकवासल्याचा विसर्ग अमुक हजार क्युसेक हा मेसेज आमच्याकडे पाच ग्रुपवरून येतो पण क्युसेक म्हणजे आपल्या पार्किंगला किती ते कुणाला कळतंय. मावशी सांगतात, ताई पाणी पिंपळाच्या ओट्याला लागलं. संपलं, गाड्या काढायच्या.

मावशी ज्या स्वच्छ संस्थेच्या आहेत त्याबद्दल पण मला तेव्हाच कळलं, इतकी वर्षं मी त्यांना फक्त महिन्याचे पैसे देत होते. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला उभी राहिली, त्यातून पुढे स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून काम करते. म्हणजे सभा, ठराव, सही, हिशोब यातलं मावशींना माझ्याइतकंच कळतं. मी त्यांना गणपूर्तीचा किस्सा सांगितला तर त्या म्हणाल्या, आमच्यात मीटिंगला नाही आलं तर दुसऱ्या दिवशी विचारतात, का नाय आलीस. आमच्याकडे कुणी विचारत नाही. विचारलं तर राग येतो.

आणि खरी मजा पुढे झाली. पुणे पालिकेत नागरिकांनी कामं सुचवायची आणि ती बजेटमध्ये घ्यायची अशी योजना आहे, २००६-०७ पासून चालू आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. आम्ही सोसायटीतर्फे त्यात बेंच मागायचो, एकदा फुटपाथ मागितला. वस्तीतल्या बायका वेगळा अर्ज करायच्या, ड्रेनेजच्या चेंबरसाठी. दोघांना उत्तर एकच, बघतो. त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे, म्हणजे ओरडायचं कुणावर हा पण प्रश्न. २०२५ ला आम्ही पहिल्यांदा एकच अर्ज केला, नाल्यावरच्या मोरीला जाळी आणि वस्तीच्या बाजूचे चेंबर, आमचं लेटरहेड आणि खाली बचत गटाचा शिक्का, आणि ११२ सह्या. सह्या गोळा करायला मी आणि गटाच्या एक ताई चार रविवार फिरलो, आधी त्यांच्या वस्तीत आणि मग आमच्या तीन विंगमध्ये. आमच्याच सोसायटीत मी पहिल्यांदा काही घरांच्या आत गेले. एका घरात पाणी विचारलं, एका घरात विचारलं कशाचं कलेक्शन आहे. कार्यालयातल्या माणसाने कागद उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, दोन्हीकडचे एकत्र कसे काय?

जाळी बसली. चेंबरचं काम अर्धं झालंय आणि कॉन्ट्रॅक्टरने खणून ठेवलेल्या मातीत सध्या कुत्री झोपतात. नाल्याच्या ग्रुपची दर तीन महिन्यांनी आमच्या पार्किंगमध्ये चहाची बैठक ठरली होती, पहिल्या दोनला अकराच्या अकरा आले, तिसरीला चारच. मी त्यातल्या एकांना फोन करून विचारलं, का नाही आलात, तर त्यांना खरंच राग आला. पण पुढच्या वेळी आले.

तुम्हाला एक विनंती आहे. नागरिकांच्या बजेटसाठी अर्ज कधीपर्यंत द्यायचे ती तारीख तुमच्याकडे आतल्या पानावर एवढ्याशा चौकटीत येते, गेल्या वेळी मला ती पेपरवाल्याने गोल करून दाखवली म्हणून कळली. ती जरा मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर टाकाल का, आणि आठवडाभर आधी टाका, सह्यांना चार रविवार लागतात.

आपली,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे